चिमुकल्या माशीची नवी जात: सूक्ष्मदर्शक की डीएनए बारकोड?

उष्णकटिबंधीय बेटावर सापडलेली दोन मिलिमीटरची माशी नव्या जातीची आहे, हे ठरवायचं कशावरून?

जुनी वाट सूक्ष्मदर्शकाची. पंखांच्या शिरा, अंगावरचे राठ केस आणि मुख्य म्हणजे नराची जननेंद्रियं. पोटाचं टोक कॉस्टिक पोटॅशमध्ये मऊ करून ग्लिसरिनमध्ये उलगडायचं आणि मग रेखाटायचं. काम किचकट, पण बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या जाती बहुतेकदा इथेच वेगळ्या पडतात. संग्रहालयातल्या शंभर वर्षं जुन्या नमुन्याशीही थेट ताडून पाहता येतं.

दुसरी वाट डीएनए बारकोडची, म्हणजे जात ओळखायला वापरल्या जाणाऱ्या डीएनएच्या एका ठराविक तुकड्याची. त्यासाठी सीओआय नावाच्या जनुकाचा सुमारे ६५८ डीएनए-अक्षरांचा तुकडा वाचतात. अळी, मादी, तुटका पाय, काहीही चालतं. एकाच जातीचे नर-मादी जुळवायला तर हे फारच उपयोगी. मात्र हवाईसारख्या बेटांवर जाती नुकत्याच विभागलेल्या असल्या, तर बारकोड जवळपास सारखाच निघू शकतो. केवळ त्याच्या भरवशावर नवं नाव देणं मला पटत नाही.

नमुना एकच असेल तर? आधी डीएनए, पण माशी न चिरडता. अख्ख्या शरीरातून ते काढता येतं आणि कवच शाबूत राहतं. ते जपायलाच हवं: १९९९ नंतर नव्या जातीसाठी प्रमाण नमुना (जातीचं नाव ज्याच्याशी कायमचं जोडलेलं असतं तो नमुना) स्पष्टपणे ठरवणं प्राणिनामकरण संहितेने सक्तीचं केलं आहे.