'बॅटरी गेली' असं ऐकल्यावर लगेच पैसे काढू नका

किल्ली फिरवली की नुसतं टक् वाजतं, डॅशबोर्डचे दिवे मंदावतात आणि गाडी जागची हलत नाही. मदतीला आलेला माणूस बॉनेट उघडून हातातल्या टेस्टरचे चिमटे लावतो. स्क्रीनवर 'बदला' उमटतं आणि पुण्याला पोचायच्या घाईत असलेला गाडीवाला मुकाट्याने पैसे मोजतो. साताऱ्याजवळ हायवेला अडकलेल्या परगावच्या गाड्यांना हा अनुभव फार येतो. मग थोड्याच दिवसांत तीच गाडी पुन्हा बंद पडते, कारण दुखणं बॅटरीत नव्हतंच. तोवर चांगली जुनी बॅटरी भंगारात गेलेली असते.

खरी मेख टेस्टरमध्ये आहे. यंत्र खोटं बोलत नाही, त्याला खोटं सांगितलं जातं. तपासण्याआधी त्यात बॅटरीचा सीसीए आकडा भरावा लागतो. थंडीत ती इंजिन फिरवायला किती करंट देऊ शकते, त्याचं हे माप बहुतेक बॅटऱ्यांच्या स्टिकरवर छापलेलं असतं. स्टिकरवर 300 असताना 500 भरले, की धडधाकट बॅटरीही नापास होते. दुसरी युक्ती म्हणजे उतरलेली बॅटरी चार्ज न करताच तपासायची. रात्रभर आतला दिवा चालू राहिलेल्या गाडीची बॅटरी उतरलेली असते, मेलेली नसते. म्हणून आकडा भरताना स्क्रीन स्वतः बघा, आणि बॅटरी उतरली असेल तर चार्ज करून पुन्हा तपासायला सांगा.

व्होल्टेज मोजणारा साधा मल्टिमीटर बरंच काही सांगतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवलं तर बॅटरी भरलेली, 12.2 ला साधारण निम्मी, 12 च्या खाली गेली की पार उतरलेली. चार्ज करूनही आकडा 10.5 च्या आसपासच अडकला, तर सहापैकी एक सेल बसला असं समजा. ती बदलावीच लागते. भरलेल्या बॅटरीवर सेल्फ मारताना व्होल्टेज 9.6 च्या खाली जाऊ नये. इंजिन सुरू झाल्यावर 13.8 ते 14.4 दिसायला हवेत. तेव्हाही 12.5 वरच अडकलं तर अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारं यंत्र), त्याचा बेल्ट किंवा वायर बघा. अशा गाडीत नवी बॅटरी टाकलीत तर तीही उतरणार. काही नव्या गाड्यांत चार्जिंग संगणक ठरवतो, तिथे आकडा थोडा खालीवर होतो. त्यावरून अल्टरनेटर काढायला बसू नका.

त्याआधी टर्मिनल हाताने हलवून बघा. वायरचा चिमटा बॅटरीच्या पोलवर फिरतोय किंवा पांढरी-हिरवी भुकटी साचलीय, तर दोष तिथेच असण्याची शक्यता मोठी. आधी निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह. खायचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने आणि तारेच्या ब्रशने घासा, कोरडं करा, घट्ट आवळा. जोडताना पॉझिटिव्ह आधी. एवढ्यावर कितीतरी गाड्या सुरू होतात, फक्त त्यात कुणाची विक्री होत नाही.

नंतर बसवलेल्या म्युझिक सिस्टीम आणि डॅशकॅमकडेही बघा. गाडी लॉक असताना अर्धा अँपिअर जरी खेचला जात असेल, तर दिवसाला 12 अँपिअर-अवर जातात. 35 अँपिअर-अवरची लहान बॅटरी तीन दिवसांत रिकामी. चांगल्या गाडीत ही गळती 50 मिलीअँपिअरच्या आत असते.

बॅटरी खरोखर जायला लागली की बहुधा आधी कळवते. सेल्फ दिवसेंदिवस जड होतो, घड्याळाची वेळ पुसली जाते. डबा बाजूने फुगला किंवा कुजक्या अंड्यासारखा वास आला तर सेल्फ मारूच नका. तीन-चार वर्षं झालेल्या बॅटरीत ही लक्षणं दिसली तर खर्चाची तयारी ठेवा.

तेव्हा दुसरी फसवणूक सांभाळा: रिकंडिशन माल नवा म्हणून गळ्यात मारणं. जुन्या डब्याला नवं स्टिकर लागतं, आत ताजं ॲसिड ओततात. व्होल्टेज झकास येतं, पण झिजलेल्या प्लेटा सेल्फचा भार झेलत नाहीत. शिशाच्या पोलवर बोट फिरवा. नव्या बॅटरीचा पोल गुळगुळीत असतो, वापरलेल्यावर चिमट्याचे ओरखडे सापडतात. घासलेला सिरीयल नंबर किंवा एकावर एक चिकटवलेलं स्टिकर दिसलं तर तिथूनच परत फिरा. स्टार्ट-स्टॉपवाल्या, म्हणजे सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाडीला ईएफबी किंवा एजीएम या दणकट प्रकारांतलीच बॅटरी लागते. साधी बॅटरी तिथे लवकर मान टाकते.

बिलावर सिरीयल नंबर, तारीख आणि जीएसटी क्रमांक हवा. वॉरंटी कार्ड दुकानदाराकडून तिथेच भरून घ्या. 36 महिने म्हटलं तरी त्यातला ठरावीक काळच मोफत बदल मिळतो, पुढे प्रोराटा म्हणजे फक्त सूट. ते आकडे कार्डावर वाचा. जुन्या बॅटरीच्या एक्स्चेंजची रक्कम बिलात वेगळी दाखवायला लावा. शंका असेल तर जुनी बॅटरी देऊ नका. दुसरीकडे चार्ज करून तपासता येते आणि ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करायची वेळ आली, तर बिलासोबत तीच पुरावा ठरते.