फॅमिली स्टार प्लस: बोलतं करायला उत्तम, पुराव्याला अपुरा

ब्रिटनमध्ये होम-स्टार्टसारख्या संस्थांचे स्वयंसेवक आठवड्यातून एकदा लहान मुलं असलेल्या घरी जातात. अशा मदतीने कुटुंबात काय फरक पडला, हे नोंदवायला ट्रायँगल या कंपनीचं ‘फॅमिली स्टार प्लस’ मिळतं. कागदावर दहा टोकांचा तारा असतो: तब्येत, मनःस्वास्थ्य, मुलांची सुरक्षितता, शिस्त, दिनक्रम, घर आणि पैसा वगैरे. प्रत्येक टोकावर 1 ते 10 आकडे. 1-2 म्हणजे अडकलेलं, 3-4 मदत घ्यायची तयारी, 5-6 प्रयत्न चालू, 7-8 काय लागू पडतं ते सापडतंय, 9-10 नीट चाललंय.

याची खरी ताकद या पायऱ्यांत आहे. मुलं रात्री अकरापर्यंत जागतात, आई मदत मागते, पण अजून काही करून पाहिलेलं नाही: 4. दोन दिवस नऊला निजवलं, तिसऱ्या दिवशी गाडी घसरली: 5. ‘सगळं ठीक आहे’ म्हणणारी आई इथे बोलू लागते.

घोळ होतो तो पहिल्या नोंदीत. सरकारी यंत्रणा मुलं काढून नेईल या भीतीने आई 8 सांगते. तीन महिन्यांनी विश्वास बसला की खरं सांगते: 5. कागदावर कुटुंब घसरलं! म्हणून पहिली नोंद दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत, संस्थेच्या समन्वयकाने आईसोबत बसून करावी आणि प्रत्येक आकड्यापुढे एका वाक्यात कारण लिहावं. त्याहून उशीर केला, तर मदतीचा परिणाम आधीच त्यात मिसळलेला असतो.

दहा आकड्यांची सरासरी तर काढूच नये. शिस्त 4 वरून 7 झाली आणि पैसा 3 वरून 2, तर दोन्ही वेगळं सांगायला हवं. घरभाडं स्वयंसेवकाच्या हातात नसतं. मधेच सोडून गेलेल्या कुटुंबांची संख्याही अहवालात हवीच.

आणि तुलनेला मदत न मिळालेल्या कुटुंबांचा गट नसेल, तर ‘आमच्यामुळे’ हा शब्द जपून वापरावा. उत्तर आयर्लंड आणि आग्नेय इंग्लंडमधल्या 162 मातांचा होम-स्टार्टविषयीचा अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. अकरा महिन्यांनी मदत मिळालेल्या आणि न मिळालेल्या, दोन्ही गटांतल्या माता सावरल्या होत्या. ठळक फरक दिसला नाही. मातांना मात्र ती सोबत मोलाची वाटली होती. लोक मदतीला येतात तेच सर्वांत वाईट काळात, त्यामुळे थोडी चढण आपोआपच दिसते.

फॅमिली स्टार प्लस वापरायला परवाना आणि प्रशिक्षण दोन्ही घ्यावं लागतं, तेव्हा समन्वयकाकडे वेळ असेल तरच घ्या. जोडीला बाळंतिणींमधलं नैराश्य ओळखणारी एडिनबरा प्रश्नावली ठेवा: दहा प्रश्न, एकूण 30 गुण. तिचा दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे. उत्तर होकारार्थी आलं तर त्याच दिवशी फोन कुणाला करायचा, हे ठरल्याशिवाय तो कागद कुणाच्या घरी नेऊ नका.