करवती विणायला खड्ड्याचा माग की फ्रेमचा?

विदर्भातल्या मोहाडी-आंधळगावच्या किंवा नागभीडच्या विणकर घरात अठरा-वीस वर्षांचं पोर करवतकाठी टसर, म्हणजे करवतीच्या दात्यांसारख्या काठाची टसर रेशमाची साडी विणायला शिकायला तयार झालं, की पहिला प्रश्न मागाचा. मजुरी कमी हे माग सोडण्याचं कारण आहेच. पण एकदा कंबर नि मान धरली, की मजुरी वाढूनही ते परत बसत नाही.

खड्ड्याच्या मागावर विणकर काठावर बसून पाय खड्ड्यात सोडतो. त्याचा खरा फायदा उन्हाळ्यात कळतो. विदर्भाच्या कोरड्या हवेत ताण्याचे, म्हणजे उभे धागे तटातट तुटतात, खड्ड्यातली ओल ते वाचवते. माग जमिनीत रोवलेला, म्हणून ठोक्याने हलत नाही. कवेलूचं बुटकं छप्परही चालतं. अडचण आहे बसण्याची. काठावर सपाट बसलं की पाठीला पोक येतो, मान पुढे झुकते. मग बुडाखाली पोत्याची घडी घालतात आणि तिथंच चुकतं: बैठक चार बोटं वर गेली, की कापडाचा रूळ (विणलेलं कापड गुंडाळायचा) तेवढाच खाली पडतो नि जास्तच वाकावं लागतं. रूळ, वही (ताण्याचे धागे वर-खाली करणारी) नि फणी सगळंच तेवढं वर घ्या, पावड्यांच्या (पायाने दाबायच्या पट्ट्यांच्या) दोऱ्या आखडा. रूळ कोपराच्या पातळीला किंवा दोन बोटं खाली हवा. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी झिरपतं. विटांचं बांधकाम आणि भोवती उंच काठ नसेल, तर ऐन पावसात काम बंद.

फ्रेमच्या मागाला बाक असतो. पावडी पूर्ण दाबूनही गुडघा किंचित वाकलेला राहिला, म्हणजे उंची जमली. बाकाच्या मागच्या पायांखाली इंचभर पट्टी ठोकली, की बैठक पुढे कलते नि पाठ आपोआप सरळ होते. दुपारी आई आणि रात्री मुलगा एकाच मागावर बसणार असतील, तर बाकाच्या पायांना दोन-दोन इंचांवर छिद्रं पाडून बोल्ट लावा. सारवलेल्या जमिनीत मागाचा पाय रुतून चौकट तिरकी होते, मग कापडाचा एक काठ ढिला येतो. चारही पायांखाली फरशी घाला. सुतळीने दोन्ही कर्ण मोजा, ते सारखे भरले पाहिजेत. उन्हाळ्यात ताण्याखाली ओली पोती पसरावीच लागतात.

खांद्याचा त्रास मात्र दोन्हीकडे तोच. साडीच्या दोन काठांचे दोन आणि मधल्या अंगाचा एक, असे आडवा धागा नेणारे तीन धोटे हाताने फिरवायचे. सुरुवातीला साधा दुपट्टा विणायला द्या, आणि दर पाऊण तासाने उठवा.

नव्याने शिकणाऱ्याला आम्ही फ्रेमच सुचवू. घरात जुना खड्डा नि सरावाचा हात असेल, तर तो बुजवू नका, दुरुस्त करा. सुताराला माप देण्याआधी जो बसणार त्यालाच बसवा आणि गुडघ्यापासून टाचेपर्यंतचं नि बैठकीपासून कोपरापर्यंतचं अंतर मोजून घ्या. नव्या मागासाठी मदत मिळेल का, हे नागपूरच्या विणकर सेवा केंद्रात आधी विचारा.