हुक्केरीची वीज सोसायटी : एका गिरणीवालीचा रिव्ह्यू

आमच्या संकेश्वरच्या बाजूला कोणी नवीन राहायला आलं की महिन्याभरात एक प्रश्न हमखास विचारतं, तुमचं लाईट बिल हेस्कॉमचं, म्हणजे इकडच्या सरकारी वीज कंपनीचं, कसं काय नाही? बेळगावला हेस्कॉम, निपाणीला हेस्कॉम, मग हुक्केरी तालुक्यालाच काय झालं? तर झालंय असं की आमच्या तालुक्यात घरोघरी वीज पोचवते ती कंपनी नाहीच, सहकारी सोसायटी आहे, १९६९ पासूनची, आणि शेअर घेतलेला ग्राहक हाच तिचा मालक. वीज ती स्वतः तयार करत नाही, हेस्कॉमकडून घेते आणि तालुक्यात वाटते, दर मात्र कर्नाटकाचा वीज नियामक आयोगच ठरवतो.

मी पिठाची गिरणी चालवते, मिरची-हळद पण कांडून देते, १२ वर्षं झाली. म्हणजे माझं पोट थ्री फेजवर आहे, म्हणून हा रिव्ह्यू लिहायचा मला हक्क आहे असं मी समजते.

आधी सर्व्हिसचं सांगते. मागच्या वर्षी मे महिन्यात वळवाचा पाऊस झाला, वारा असा की चिंचेची फांदी तारेवर, आणि एक फेज गेला. एक फेज गेला की गिरणीची मोटर फिरत नाही, नुसती गुरगुरते, आणि तशीच चालू ठेवली तर जळते, त्यामुळं मी लगेच मेन पाडला. ओट्यावर दळणाचे डबे लागलेले, लग्नसराई, एका घरचा २० किलो जोंधळा आणि दुसऱ्यांचे घावनाचे तांदूळ. लाईनमनला फोन लावला तर "चिंचेजवळचा टीसी ना? येतो" एवढंच बोलला. नंबर नाही, कंप्लेंट नंबर नाही, पत्ता नाही. साडेनऊला बॅटरी घेऊन आला, खांबावर चढला, तारा जोडणारा जंपर तुटलेला तो जोडला आणि खाली येऊन म्हणाला आता लावा अक्का. माझी बहीण गडहिंग्लजला दिलीय, तिकडं टीसीला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरला, डीपी म्हणतात, तिला हे सांगितलं तर ती म्हणाली तुमचा लाईनमन काय पाहुणा आहे काय तुमचा? पाहुणा नाही, पण शेजारच्या गावचा आहे, त्याच्या घरचं दळण पण माझ्याकडंच येतं. काम टाळलं तर दुसऱ्या दिवशी बाजारात तोंड दाखवायचंय त्याला. माणसं आपल्यातलीच असली की असा फरक पडतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये हिरण्यकेशीचा पूर आला तेव्हाचं तर मी विसरणार नाही. आमच्या खालच्या गल्लीत छातीएवढं पाणी. पाणी ओसरल्यावर सगळ्यांना एकच घाई, लाईट द्या लाईट द्या, मोबाईल बंद, चिखल काढायला मोटर पाहिजे. लाईनमन गुडघाभर चिखलातनं घराघरात फिरत होता, मीटर बोर्डाच्या बाजूची भिंत हातानं चाचपून बघायचा, टेस्टर लावायचा. माझ्या काकींच्या घरी म्हणाला, "तडीरी अक्का, भिंत अजून ओली आहे, दोन दिवस थांबा." काकी चिडल्या, बोलल्या पण त्याला, तो ऐकून घेऊन पुढच्या घरी गेला. दोन दिवसांनी स्वतः आठवणीनं परत आला. शॉक लागून कोणाचं काही झालं नाही आमच्या गल्लीत, याचं श्रेय मी त्यालाच देते.

अजून एक बारकी गोष्ट, पण मला फार अभिमान वाटला होता. २०२३ ला कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेचं, २०० युनिटपर्यंत फुकट विजेचं, रजिस्ट्रेशन सुरू झालं तेव्हा सेवासिंधू ह्या सरकारी वेबसाईटच्या फॉर्मवर कंपनी निवडायची लिस्ट होती. बेस्कॉम, मेस्कॉम, हेस्कॉम असल्या पाच सरकारी कंपन्या, आणि त्यांच्याच रांगेत आमची हुक्केरीची सोसायटी. पोराला म्हटलं बघ, पाच कंपन्या अख्ख्या राज्याच्या आणि सहावी आपल्या एका तालुक्याची.

ही काय आपोआप झालेली गोष्ट नाही. १९६९ ला केंद्राचं ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ झालं आणि खेड्यात वीज न्यायला सुरुवातीला देशात पाच ठिकाणी अशा सोसायट्यांचा प्रयोग केला, आमची हुक्केरी, श्रीरामपूरची मुळा-प्रवरा, गुजरातचं कोडिनार, आताच्या तेलंगणातलं सिरसिल्ला आणि लखनौ. खेड्यात तारा ओढायच्या तर खर्च जास्त आणि गिऱ्हाईक कमी, म्हणून जिथं कोणी यायला तयार नव्हतं तिथं लोकांनीच शेअर घालून वीज आणायची, ही कल्पना. सिरसिल्ला अजून चालू आहे. मुळा-प्रवरा थकबाकीत बुडाली आणि २०११ ला तिचं काम महावितरणकडं गेलं. हे वाचलं तेव्हा मला खरंच भीती वाटली, कारण मालक असणं म्हणजे नुसतं सर्टिफिकेट कपाटात ठेवणं नव्हे. माझ्या वडिलांची एका पतसंस्थेत ठेव अडकली, नाव लिहीत नाही, ८० हजार, पैशापैशानं साठवलेले. ती पण सहकारीच होती. वर्षानुवर्षं तिच्या सभेला चहा पिऊन सही करून लोक घरी यायचे, वडील पण त्यातलेच, ऑडिट कोणी उघडून बघितलं नाही. सहकारी पाटी लावली की सगळं चांगलं, असं मी कधीच म्हणणार नाही.

आमच्या घराचं बघा, ऊस जातो सहकारी कारखान्याला, दूध गावच्या डेअरीला, पीककर्ज पीकेपीएसमधनं, म्हणजे गावच्या शेती सहकारी सोसायटीतनं, आणि वीज ह्या सोसायटीची. एवढं सगळं आपल्याच हातात आहे तर शाश्वत विकास का काय म्हणतात त्याचं पण आपणच बघायला पाहिजे ना. २०२५ हे युनोनं सहकार वर्ष म्हणून पाळलं, भाषणं भरपूर झाली. पण माझ्या गिरणीसमोरच्या शेतातला पंप बघा, ऑटो स्टार्टर लावलाय, लाईट आली की आपोआप चालू, उसाला पाणी पाजून ते रस्त्यावर येईपर्यंत चालूच. कर्नाटकात १० एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला वीज फुकट, त्यामुळं बंद करायला कोण उठतंय. विहीर आटली की बोअर, बोअर आटलं की अजून खोल. सरकारी कंपनी शेतकऱ्याला सांगायला गेली तर मारामारी होईल, पण सोसायटीत सांगणारा आणि ऐकणारा दोघं सभासदच, सांगणारा ओळखीचा असेल तर शेतकरी निदान ऐकून तरी घेईल. आणि शेतीपंपाच्या फीडरवर, म्हणजे पंपांना वीज आणणाऱ्या लाईनवर, सोलर बसवलं, सभासदांना त्यात शेअर दिले, तर दिवसा पाणी पाजता येईल, रात्री साप-विंचवात जावं लागणार नाही. मी पाच हजार घालायला तयार आहे.

रेटिंग द्यायचं तर सर्व्हिसला पाचपैकी पाच. सभासदांना, म्हणजे आम्हाला, दोन. संचालकांची निवडणूक आली की आमदारकीसारखी धामधूम, गाड्या, बॅनर, आणि सर्वसाधारण सभेला मात्र बायका तर दिसतच नाहीत.

ह्या वर्षी मी जाणार आहे. सोलर फीडरचा प्रश्न लेखी देणार, कन्नडमध्ये पोरगी लिहून देतेय. त्या दिवशी गिरणी बंद राहील, गिऱ्हाइकांना आत्तापासनंच सांगायला लागलेय, दळण आदल्या दिवशी आणून टाका.