लिसफ्रँकचं ऑपरेशन: स्क्रू बसवायचे की सांधे जोडून टाकायचे?

पायाच्या तळव्यावर निळा डाग उमटलाय, उभं राहून काढलेल्या एक्स-रेत पंजाच्या मधल्या हाडांमध्ये फट दिसतेय आणि डॉक्टरांनी ‘लिसफ्रँक’ (पावलाच्या मधल्या सांध्यांची इजा) हे नाव घेतलंय, म्हणजे ऑपरेशन करायचं की नाही हा प्रश्न बहुतेक वेळा निकालात निघालेला असतो. उरतं ते कोणतं करायचं. माझ्यासमोरही हेच दोन मार्ग होते.

एकात सांधे मूळ जागी बसवून स्क्रू किंवा प्लेटने धरून ठेवतात आणि लिगामेंट, म्हणजे हाडं एकमेकांना बांधून ठेवणारे पट्टे, भरून यायची वाट बघतात. दुसऱ्यात अंगठ्याच्या बाजूचे दोन-तीन सांधे कूर्चा खरवडून कायमचे जोडून टाकतात, म्हणजे फ्यूजन. पायावर वजन न टाकता काढायचे सहा-आठ आठवडे दोन्हीकडे साधारण सारखेच.

‘कायमचं’ म्हटलं की घरचे घाबरतात. माझ्या आईचा पहिला प्रश्न, मांडी घालता येईल ना? येते, उकिडवंही बसता येतं; ते काम घोटा, गुडघा आणि खुब्याचं. अंगठ्याच्या बाजूचे हे सांधे मुळातच जेमतेम हलतात. करंगळीकडचे दोन मात्र हलते लागतात, म्हणून ते सहसा जोडत नाहीत. गरज पडली तर तात्पुरत्या तारा घालतात.

माझा कौल ठरला तो स्क्रू काढण्यावरून. सांध्यातून आरपार गेलेले स्क्रू पुष्कळ सर्जन चार-सहा महिन्यांनी काढून टाकतात, कारण आत राहिले तर ते सैल होतात, कधी मोडतात. म्हणजे कुबड्या सुटून जरा कुठे नीट चालायला लागावं, तर पुन्हा ॲडमिट, पुन्हा भूल, पुन्हा टाके, ऑफिसात पुन्हा रजेचा अर्ज आणि मेडिक्लेमचे तेच फॉर्म. ओपीडीच्या बाकावर माझ्या शेजारी बसलेले एक गृहस्थ त्याच दुसऱ्या ऑपरेशनसाठी आले होते. पाय चांगला होता त्यांचा, पण सुट्टी कुठून काढायची या काळजीने ते बेजार होते. त्यांचं ऐकल्यावर माझं मन फ्यूजनकडे झुकलं.

अभ्यासांचं म्हणाल, तर फक्त लिगामेंट तुटलेल्या 41 रुग्णांवरच्या 2006 च्या अभ्यासात फ्यूजनवाले दोन वर्षांनी बरेच पुढे होते. 2009 च्या दुसऱ्या अभ्यासात पायाच्या कामात फारसा फरक दिसला नाही, पुन्हा ऑपरेशन करावं लागण्यात मात्र मोठा दिसला.

फ्यूजनलाही खोट आहे. हाड जुळलं नाही तर सगळं नव्याने करावं लागतं, आणि सिगारेट ओढणाऱ्यांना ती भीती जास्त. शेजारच्या सांध्यांवर ताणही वाढतो. मला जिने, चढ, बाईकचा गिअर वर उचलणं, कशाचाच त्रास नाही. फक्त गडाच्या घसाऱ्यावरून उतरताना पंजा फळीसारखा वाटतो. जाड, कडक सोलचे बूट घातले की तेही बरंच कमी होतं.

हाडं मोडली आहेत पण सांध्याचे पृष्ठभाग शाबूत आहेत, वय कमी आहे, पुन्हा मैदानात उतरायचंय, अशांना सर्जन स्क्रू-प्लेट सुचवतील आणि ते बहुधा योग्यच असेल. पण फक्त लिगामेंट तुटलं असेल, किंवा सांध्याचा चुरा झाला असेल, तर फ्यूजनबद्दल आपणहून विचारा. आणि स्क्रूच ठरले, तर ते कधी काढणार, नाही काढले तर काय, हे संमतीपत्रावर सही करण्याआधी विचारून घ्या.