गोल ओव्हन, आंब्याचा रवा केक आणि अंगणातलं जेवण

झाकणाच्या मध्यभागी काच, दोन्ही बाजूंना काळे बेकलाइटचे कान, आत कॉइल आणि बाहेर एकही बटण नाही. ॲल्युमिनियमचा हा गोल ओव्हन एकेकाळी मराठी घरांत पाहुण्यांसाठी माळ्यावरून खाली यायचा. आजही तो मिळतो. चकचकीत शोरूममध्ये विचारलं तर विक्रेता ओटीजीकडे (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) बोट दाखवेल. मुंबईत लोहार चाळीत, पुण्यात बोहरी आळीच्या आसपास किंवा गावातल्या जुन्या भांड्यांच्या दुकानात विचारा. आधीच सांगून टाकायचं तर रव्याचा केक, नानकटाई आणि भरलेली ढोबळी मिरची यांत हा ओव्हन चांगल्या मार्कांनी पास होतो. पावात काठावर, आणि क्रीमच्या नाजूक केकांसाठी लागणाऱ्या स्पंजात नापास.

घेताना पहिला प्रश्न कॉइलचा. काही ओव्हनमध्ये कॉइल फक्त खाली असते, काहींत झाकणातही असते. दोन कॉइलचाच घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी. एकाच कॉइलच्या ओव्हनमध्ये केकचा तळ करपतो आणि वरचा भाग फिकट, चिकट राहतो. वरून-खालून आच हवी हे आपल्याकडे काही नवीन नाही. कोकणात काकडीचं धोंडस पातेल्यात लावताना खाली निखारे आणि झाकणावरही निखारे असायचे. गोव्यात बेबिंकाचा एकेक थर वरच्या निखाऱ्यांवरच भाजला जायचा. गोल ओव्हनचं काम त्याच जातीचं आहे, फक्त निखाऱ्यांच्या जागी तार आली.

दुसरी तपासणी अर्थिंगची. सगळं अंग धातूचं असल्यामुळे कॉइल कुठे टेकली तर थेट शॉक बसतो. वायर तीन पिनांचीच हवी, आणि दुकानात टेस्टर लावून बघायला लाजू नये. बाकी विजेच्या बाबतीत हा ओव्हन गुणी आहे. ७५० वॅटचा असेल तर सव्वातीन अँपिअरच्या आसपास करंट ओढतो, म्हणजे साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालतो. १५०० वॅटच्या ओटीजीला मोठं १६ अँपिअरचं सॉकेट लागतं, आणि जुन्या घरात ते बहुधा बाथरूमच्या गिझरलाच असतं. गोल ओव्हनमध्ये तापवण्याची दहा मिनिटं धरून तासभर भाजलं तर पाऊण युनिट वीज. इन्व्हर्टरवर मात्र लावू नका. मे महिन्यात गावाकडे वीज कधी जाते ते ठरलेलं असेल तर त्याच्या आधी तासभर मोकळा आहे ना, ते बघूनच केकच्या मिश्रणात सोडा घाला. अर्ध्या भाजणीत वीज गेली तर झाकण न उघडता पाच-सात मिनिटं वाट बघता येते. त्याहून जास्त वेळ गेला तर केक मध्ये बसतो आणि पुन्हा वर येत नाही.

तापमान आपोआप राखणारा थर्मोस्टॅट नाही ही खरी उणीव. त्यावर जुना उपाय आहे: ओव्हन दहा मिनिटं तापवायचा, छोट्या ताटलीत चमचाभर मैदा पसरून आत ठेवायचा आणि काचेतून बघत राहायचं. पाच मिनिटांत मैदा बदामी झाला तर आच केकला योग्य. दोन मिनिटांतच तपकिरी झाला तर प्लग काढून पाच मिनिटं थांबायचं. पांढराच राहिला तर आणखी तापवायचं. दोन-तीनदा केलं की आपल्या ओव्हनची वेळ कळते, मग मैदा वाया घालवावा लागत नाही. आत ठेवायचा छोटा थर्मामीटर मिळाला तर उत्तमच, केकला १७० ते १८० अंश पुरेत.

आता आंब्याचा रवा केक, कारण उन्हाळ्यात या ओव्हनमधून दुसरं काहीही इतकं चांगलं निघत नाही. ७ इंची भांड्याला बारीक रवा २०० ग्रॅम, हापूसचा रस २०० ग्रॅम, गोडं दही १२० ग्रॅम, साखर १३० ग्रॅम, पातळ केलेलं तूप ८० ग्रॅम, चिमूटभर मीठ. हे सगळं कालवून अर्धा तास झाकून ठेवायचं. ही अर्ध्या तासाची पायरी गाळली तर रवा भाजताना पाणी ओढतो आणि केक कोरडा, कचकचीत होतो. भिजल्यावर मिश्रण पिठल्यासारखं घट्ट झालेलं असतं. ५०-६० मिली दूध घालून ते इडलीच्या पिठाइतकं सैल करायचं. सपाट चमचाभर बेकिंग पावडर आणि पाव चमचा सोडा अगदी शेवटी, ओव्हन तापल्यावर. सोडा आधी घालून ठेवला तर दह्याशी त्याची सगळी फसफस वाडग्यातच संपते. आणि 'अजून हलका होईल' म्हणून जास्त घातला तर केशरी रंग जाऊन मळकट तपकिरी येतो आणि साबणासारखी चव लागते.

पायरीचा रस पातळ असतो, तो वापरला तर दूध अर्धंच लागतं. डब्यातल्या गोड केलेल्या रसाला साखर १०० ग्रॅम पुरे. भांड्याला तूप लावून तळाला बटर पेपर घालायचा. भांडं थेट कॉइलवरच्या पत्र्यावर न ठेवता जाळीवर किंवा ॲल्युमिनियमच्या रिंगवर ठेवायचं. भरताना अर्ध्याच्या वर जाऊ नये. केक फुगल्यावर झाकणाच्या कॉइलपासून दोन बोटं अंतर राहिलं पाहिजे, नाहीतर वर काळं वर्तुळ उमटतं.

भाजायला ४० ते ५० मिनिटं. सुरुवातीला काच वाफेने धुकट होते. ती धुकट आहे तोवर झाकणाला हात लावायचा नाही, हा एक नियम पाळला तरी निम्मे केक वाचतात. काच स्वच्छ होऊन वरचा रंग सोनेरी दिसला की सुरी खुपसून बघायची. वर रंग आला आणि सुरी ओली निघाली तर प्लग काढून, झाकण न उघडता केक आठ मिनिटं तसाच ठेवायचा. जाड ॲल्युमिनियम बराच वेळ गरम राहतं, त्या उष्णतेवर मधला भाग शिजतो. भांड्यातून मात्र अर्धा तास काढू नये. रव्याचा केक गरम असताना मोडतो.

नानकटाईला मैदा १२० ग्रॅम, बेसन ४०, बारीक रवा २०, पिठीसाखर ९०, तूप ११०, चिमटीभर सोडा, वेलदोडा. तूप रवाळ, थिजलेलं हवं, आणि मे महिन्यात नेमकं तेच मिळत नाही. पातळ तुपात केलेली नानकटाई भाजताना पसरते आणि सगळ्या मिळून एक मोठी भाकरी होते. तूप वाटीत काढून फ्रीजमध्ये थिजवायचं, साखरेबरोबर पांढरं होईपर्यंत फेसायचं, पिठं घालून फक्त गोळा होईल इतकंच एकत्र करायचं. मळायचं नाही, मळली की कडक होते. वळून झाल्यावर ताटलीसकट पुन्हा वीस मिनिटं फ्रीजमध्ये. एवढ्यात १८ होतात, एका वेळी नऊ मावतात. पहिल्या घाण्याला १६-१८ मिनिटं लागली तर दुसऱ्याला १३-१४ पुरतात, कारण ओव्हन आता पुरता तापलेला असतो. बहुतेकांचा दुसरा घाणा इथेच करपतो. शेवटची चार मिनिटं झाकणाखाली चमचा अडकवून फट ठेवली की कोंडलेली वाफ जाते आणि नानकटाई खुसखुशीत राहते. बाहेर काढताना ती मऊच लागणार, गार झाल्यावर आवळते.

पाव होतो, पण उंची कमी म्हणून चपटा. शिवाय उन्हाळ्यात यीस्टचं पीठ चाळीसेक मिनिटांतच दुप्पट होतं, ते नेहमीसारखं दीड तास ठेवलं तर आंबूस वास येतो. करायचाच तर पीठ गार पाण्याने भिजवा.

या ओव्हनची खरी मजा तो स्वयंपाकघराबाहेर नेता येतो यात आहे. वजन कमी, सॉकेट साधं. पडवीत किंवा मागच्या ओट्यावर लावला की घर तापत नाही. फक्त संध्याकाळी अंगणात सडा घातल्यावर ओल्या जमिनीवर ओव्हन किंवा एक्स्टेन्शन बोर्ड ठेवायचा नाही. कोरड्या लाकडी पाटावर, पोरांच्या वाटेपासून दूर. झाकण इतकं तापतं की पत्र्याला नुसता हात लागला तरी चटका बसतो. आणि गरम काचेवर पन्ह्याचे चार थेंब उडाले तरी ती तडकते.

अंगणातल्या जेवणाला बाकी सगळं गार ठेवावं: दहीभात, कैरीची वाटली डाळ, काकडीची कोशिंबीर, मठ्ठा. गरम एकच पदार्थ ओव्हनमधून, म्हणजे उकडलेला बटाटा, ओलं खोबरं आणि दाण्याचं कूट भरलेल्या ढोबळ्या मिरच्या. मध्यम आकाराच्या सहा मावतात, वरून तेलाचं बोट फिरवून २५ मिनिटं. मिरच्या आधी मीठ लावून पालथ्या घातल्या नाहीत तर तळाला पाणी सुटतं. केक दुपारीच करून ठेवावा, त्यावर क्रीम नको. लोणी ३२-३५ अंशांनाच वितळायला लागतं, मे महिन्यात नागपूरच्या अंगणात बटरक्रीमचा केक आणणं म्हणजे लोण्याचा सांडगा घालणं. रव्याचा साधा केक मात्र उन्हात रुसत नाही.

पर्यायांपैकी कुकरच्या तळाला मीठ घालून केलेल्या केकला वेगळा खर्च नाही, पण वर रंग येत नाही आणि कुकर कोरडा तापून खराब होतो. साधा मायक्रोवेव्ह भाजत नाही, वाफवल्यासारखं करतो. आठवड्याला दोनदा बेकिंग होत असेल किंवा ऑर्डरी घ्यायच्या असतील तर सरळ ओटीजी घ्या, या ओव्हनच्या वाटेला जाऊ नका. महिन्यातून एकदा, सुट्टीत नातवंडं आल्यावर लागणार असेल तर गोल ओव्हनच घ्या. त्याची कॉइल तुटली तर बहुतेक गावांतला वायरमन ती बदलून देतो.

धुताना पाण्यात बुडवायचा नाही. ओल्या फडक्याने आणि सौम्य साबणाने पुसायचा. धुण्याचा सोडा लावला तर ॲल्युमिनियम काळवंडतं. आणि उरलेला आंब्याचा केक बाहेर दुसऱ्या दिवशीच बुरसतो, तो रात्रीच फ्रीजमध्ये. नानकटाईचा डबा बाहेर चालेल, पण परातीत बोटभर पाणी घालून त्यात ठेवा. मुंग्यांना पत्ता सांगावा लागत नाही.