दाढ भरायची: थर देऊन, एकदम, की बाहेर बनवून?

डॉक्टरांनी एक्स-रे बघून ‘पांढरं सिमेंट भरू’ म्हटलं की पेशंट आधी पैसे विचारतो आणि मग वेळ. संध्याकाळी दादर-परळच्या दवाखान्यात येणारा माणूस कामावरून थेट आलेला असतो, त्याला पुढची लोकल गाठायची असते. ही घाई मला कळते. तरीही तिसरा प्रश्न विचारायलाच हवा: भरणार कसं? कारण हे सिमेंट घट्ट होताना आक्रसतं, आणि भरण्याच्या पद्धतीवर त्या आक्रसण्याचा त्रास बराच अवलंबून असतो.

पांढरं सिमेंट म्हणजे कॉम्पोझिट, रेझिनमध्ये, म्हणजे प्लास्टिकसारख्या चिकट द्रवात, कालवलेली काचेची बारीक पूड. निळा लाइट मारला की रेझिनचे रेणू जोडले जातात, एकमेकांजवळ सरकतात आणि आकारमान साधारण 1.5 ते 3 टक्क्यांनी घटतं. पातळ, वाहत्या प्रकारात पूड कमी असल्याने घट आणखी जास्त. आकडा किरकोळ वाटतो, पण तोवर सिमेंट दाढेला चिकटलेलं असतं. ते मऊ असेपर्यंत ओढ आतल्या आत जिरते. घट्ट झाल्यावर मात्र सगळा ताण चिकटलेल्या जागेवर आणि दाढेच्या भिंतींवर येतो. पकड सुटली तर फट पडते, तिथून गार पाणी झोंबतं आणि पुढे कीडही शिरू शकते. पकड टिकली तर भिंती किंचित आत ओढल्या जातात. कधी पॉलिश केल्यावर सिमेंटच्या काठाला केसाएवढी पांढरी रेघ दिसते. एनॅमलला, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कडक थराला, गेलेली ती बारीक चीर असू शकते.

ताण किती येईल हे खड्ड्याच्या आकारावरही ठरतं. अ‍ॅमस्टरडॅमच्या फायल्झर, डी गी आणि डेव्हिडसन यांनी 1987 मध्ये हा हिशोब मांडला: चिकटलेल्या बाजू भागिले मोकळ्या बाजू. दाढेच्या मधोमध पेटीसारखा खोल खड्डा असेल तर तळ आणि चार भिंती मिळून पाच बाजू चिकटलेल्या, वरची एकच मोकळी. म्हणजे 5. एक भिंत किडीने गेली असेल तर चार चिकटलेल्या, दोन मोकळ्या, म्हणजे 2. याचा अर्थ मोठा खड्डा सोपा असा नाही. तिथे सिमेंट जास्त लागतं आणि उरलेल्या भिंती पातळ असतात.

आता निवड. जुनी आणि रुळलेली पद्धत थरांची. दोन-दोन मिलिमीटरचे तिरके थर, एका वेळी समोरासमोरच्या भिंती न जोडता, प्रत्येक थराला वेगळा लाइट. याने ताण कमी होतो असं आम्हाला कॉलेजात शिकवलं गेलं. 1996 मध्ये मात्र संगणकावर केलेल्या एका गणितात उलट दिसलं: थर दिल्याने दाढ जास्त वाकू शकते. वाद मिटलेला नाही. मला थरांचा खरा फायदा वेगळा वाटतो, लाइट तळापर्यंत नीट पोचतो. तोटा म्हणजे वेळ जातो, आणि दोन थरांच्या मध्ये लाळ शिरली की काम बिघडतं.

दुसरी पद्धत एकदम भरण्याची. त्यासाठीचं कॉम्पोझिट म्हणजे बल्क-फिल, ते एका वेळी 4 मिलिमीटरपर्यंत भरता येतं. ते आक्रसत नाही, हा गैरसमज आहे. त्याची घट साध्या कॉम्पोझिटच्या आसपासच असते; काही प्रकारांत रेझिनची घडण अशी असते की ताण हळूहळू चढतो. शिवाय ते जास्त पारदर्शक असल्याने लाइट खोल जातो. काही वर्षांच्या पाठपुराव्यात थरांच्या आणि बल्क-फिलच्या टिकाऊपणात मोठा फरक दिसलेला नाही. म्हणून ज्याचं तोंड फार वेळ उघडं राहत नाही, त्याला मी बल्क-फिलच सुचवेन. पण खड्डा 6 मिलिमीटर असेल तर तेही दोनदाच भरायला हवं. वाहतं बल्क-फिल वापरलं तर वर साध्या कॉम्पोझिटचा थर लागतो, नाहीतर चावून झिजतं. हसताना दिसणाऱ्या जागी बल्क-फिलचा रंग थोडा राखाडी मारतो.

तिसरी वाट इनले किंवा ऑनलेची. दाढेचं माप घेऊन तुकडा लॅबमध्ये बनतो आणि मग चिकटवला जातो. आक्रसणं तोंडाबाहेरच उरकलेलं असतं, दाढेत आक्रसतो तो फक्त चिकटवणाऱ्या सिमेंटचा पातळ थर. बहुधा दोन खेपा होतात आणि खर्च कितीतरी वाढतो. तरी खड्डा रुंद असेल, भिंती कागदासारख्या उरल्या असतील, तर इथे पैसे वाचवू नका. लहान खड्ड्यासाठी मात्र माझा ठाम नकार. तुकडा बसवायला चांगली दाढ उगाच कोरावी लागते.

हिरडीलगत, मुळावर, जिथे ओल आवरतच नाही तिथे ग्लास आयोनोमर हे वेगळ्या जातीचं सिमेंट बरं. ताकद कमी, पण दाताला स्वतःहून चिकटतं, सावकाश घट्ट होतं आणि फ्लोराइड सोडतं. दुधाच्या दातांनाही चालतं.

खर्च परवडत नसेल तर मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय किंवा सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आहे. शिकणारे डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, म्हणून सकाळ मोकळी ठेवून जा. कुठेही भरा, रबर डॅम, म्हणजे दाढ कोरडी ठेवणारा रबराचा पडदा, लावणार का हे विचारा. भरल्यावर काही दिवस गार लागणं चालतं. पण शेंगदाणा चावून सोडताना कळ येत असेल तर अंगावर काढू नका, परत जा. आधी कार्बन पेपर लावून सिमेंट उंच आहे का ते बघितलं जाईल. उंच नसेल तर पकड सुटली असण्याची किंवा दाढेला चीर गेली असण्याची शक्यता असते, आणि मग ते सिमेंट काढून आत बघावं लागतं.